सुमन, सात नंबरच्या बाटलीत काय आहे?

सुमन, तुझ्या कपाटाच्या चाव्या शेवटी माझ्याच गळ्यात पडल्या. प्राचार्यांनी टेबलावरून पुढे सरकवल्या आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बीएस्सीला केमिस्ट्री घेतलं होतंच की. नवीन माणूस येईपर्यंत सांभाळा." नवीन माणूस जव्हारला कधी येणार, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली. मी आपली फिजिक्सची बाई. माझी भिंगं, माझे लंबक, माझे मीटर, जिथे ठेवावेत तिथे गुमान बसतात. तुझं कपाट उघडलं तर आत डझनभर बाटल्या, बहुतेक सगळ्यांत पांढरी पूड, आणि प्रत्येकीवर तुझ्या हातचा लाल नेलपॉलिशचा आकडा. बस. एकीवरही नाव नाही.

आता सांग. मी काय करू?

कागदाची लेबलं आपल्याकडच्या पावसात टिकत नाहीत, डिंकाला बुरशी येते आणि ऑगस्टपर्यंत सगळी लेबलं कपाटाच्या तळाशी गोळा होतात, म्हणून तू नेलपॉलिश वापरायचीस, इथपर्यंत मला मान्य आहे. हुशारीचंच काम होतं ते. पण कुठल्या आकड्याला काय, हे कुठेतरी लिहून ठेवायचं! तू दर दिवाळीनंतर आकडे बदलायचीस आणि उत्तरं डोक्यात ठेवायचीस. विचारलं की कानशिलावर बोट ठेवून म्हणायचीस, "इथं आहे सगळं. कागद केला की कागदाला पाय फुटतात." आता ते डोकंच नाही. तुझ्या चितेबरोबर माझी उत्तरंही जळाली, असं मी त्या दिवशी कपाटासमोर उभी राहून मोठ्यानं बोलले. शिपाई दारातून डोकावून गेला. त्याला वाटलं असेल, मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला.

आपलं भांडण तुला आठवतंय ना? आठवत असणारच, इतकी वर्षं आपण ते शिळं होऊ दिलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की पोरांना परीक्षेआधी सॉल्टची नावं, कुठल्या बाटलीत कुठला क्षार आहे ते, सांगून टाक. सगळीकडे सांगतात. शहरातल्या पोरांना घरबसल्या कळतं की तुझ्या वाट्याला बेरियम येणार आहे, आणि ती पैकीच्या पैकी मार्क घेऊन जातात. आपली पोरं वसतिगृहात राहतात, घरी वेगळं बोलतात, वर्गात मराठीत ऐकतात आणि पेपर इंग्रजीत लिहितात. त्यात तू त्यांना खरोखरचं शोधायला लावणार, ती घाबरणार, चुकणार आणि मार्क घालवणार. कोणाचं भलं झालं? मी हे म्हटलं की तू डबा उघडायचीस. खरं म्हणजे तुला राग आला की तू डबा उघडायचीस. मग चावत चावत म्हणायचीस, "पुढं जाऊन काय करतील गं ती? बाटलीवर नाव शोधत बसतील?"

एकदाच तू कारण सांगितलंस. तुझ्या बारावीच्या परीक्षेत कोणीतरी तुझ्या कानात सॉल्टचं नाव सांगून गेलं होतं. तुला पूर्ण मार्क पडले. तुझ्या गावात, पोशेऱ्यात कौतुक झालं. आणि मग नाशिकच्या कॉलेजात पहिल्याच प्रॅक्टिकलला तू बर्नरसमोर काडेपेटी घेऊन उभी राहिलीस आणि तुला तो पेटवता येईना. बाजूची मुलगी हसली. "ती हसली त्याचं काय नाय," तू म्हणालीस, "पण माझ्या मार्कांवर माझाच विश्वास राह्यला नाय."  मी म्हटलं होतं, ते तुझं झालं, प्रत्येकाचं तसं होत नाही. अजूनही मला तसंच वाटतं. तू ऐकून घ्यायला हवं होतंस, डबा उघडण्याऐवजी.

आणि आता बघ कसं झालंय. मला नावं सांगायची आहेत आणि सांगायला नावंच नाहीत. माणसं भांडण जिंकण्यासाठी काय काय करतात, पण मरून जिंकणारी तूच.

मी पोशेऱ्याला गेले होते, तुझ्या आईकडे. तुझे दिवस होऊन गेल्यावर, म्हणजे भेटायला म्हणूनच, पण खरं कारण हेच होतं. लाज वाटत होती. म्हातारीची लेक गेली आणि ही बया सॉल्टची नावं विचारायला आली! ओटीवर नागलीची कणसं पसरलेली होती, ती त्यातच बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, कॉलेजबद्दल, बाटल्यांबद्दल काही बोलली होती का सुमन?

"नाय बाय. कालेजातला ती घरात आनीत नव्हती," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि तुझी दवाखान्याची पिशवी घेऊन आली. त्यातून तिनं नेलपॉलिशच्या बाटल्या काढल्या. एक भरलेली, बाकीच्या तळाला गेलेल्या. "ही बग. ही लाली गावली तिच्या पिशवीत. येक नाय, इतक्या. नखाला लावल्याली मी कदी देखली नाय तिच्या." माझ्या हातात दिल्या आणि माझ्याकडे बघत राहिली. "पोरीला हौस व्हती का काय, बाय? मला कदी बोलली नाय ती."

मी काय सांगणार होते? खोडाळ्याच्या बाजारात बांगडीवाल्याकडून तू ती घ्यायचीस, सगळ्यात भडक लाल, कारण अंधाऱ्या प्रयोगशाळेत तोच रंग दिसतो. तो तुला विचारायचा, ताई, लग्न आहे का कोणाचं? आणि तू म्हणायचीस, हो, बाटल्यांचं. हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण म्हातारीचा चेहरा बघून मी म्हटलं, "हो आई. हौस होती तिला." ती खूश झाली. रडली आणि खूश झाली. भरलेली बाटली तिनं माझ्या पर्समध्ये कोंबली, "तू लाव" म्हणाली. मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. तुला हौस होतीच. फक्त नखांची नव्हती.

दवाखान्यात मी तुला का विचारलं नाही, ते सांगते. नाशिकला तू डायलिसिसला जायचीस, मी दोनदा-तीनदा बरोबर आले होते. त्या लांबलचक खुर्चीत तू पडलेली, नळीतून तुझं रक्त जातंय, येतंय, आणि मी शेजारी स्टुलावर. प्रश्न माझ्या जिभेवर होता, सुमन, यंदाचे आकडे सांगून ठेव. पण ते विचारणं म्हणजे तू आता परत वर्गात येणार नाहीस असं तुझ्या तोंडावर म्हणणं झालं असतं. म्हणून मी कलिंगडाच्या भावाबद्दल बोलत बसले, आणि तेही तुला खायची बंदी होती. तू तरी आपणहून सांगायचंस! तुला कळत होतं. रिपोर्ट माझ्याआधी तूच वाचायचीस. स्टाफरूममध्ये तो कागद नाचवत आलीस ते आठवतंय का? "मेधा, बघ, पोटॅशियम वाढलंय. इतकी वर्षं पोरांना हुडकायला लावत होते, आता माझ्यातच येऊन बसलंय." आणि हसलीस. मी ओरडले होते, हसू नकोस म्हणून. तुझा डबा अळणी झाला होता. तेव्हाही तुझं तेच, "आता मी तार हातानं पुसली तरी पिवळं यायचं नाय बघ." स्टाफरूममध्ये कोणालाच तो विनोद कळला नाही. मला कळला होता. म्हणूनच चिडले होते.

तो विनोद ज्याच्यावर होता ती गोष्ट तर मला या महिन्यात पुरती भोवली.

तू गेल्यावर वेळापत्रक नव्यानं लागलं आणि मी माझा तिसरा-चौथा तास परत घेतला. घेणारच. तो माझाच होता. तू तो कधीकाळी प्राचार्यांकडे रदबदली करून पळवलास आणि मला मधल्या सुट्टीनंतर ढकललंस. जेवून आलेली पोरं, बाहेर ऊन, आणि मी फळ्यावर प्रकाशाचं अपवर्तन. अर्धा वर्ग पेंगायचा. मी किती वेळा म्हटलं, माझा तास दे. तू म्हणायचीस, "प्रॅक्टिकल जेवणाआधीच पायजे." का, ते मी धड विचारलं नाही आणि तू धड सांगितलं नाहीस. मला वाटायचं, हट्ट आहे. असो. तर माझा तास परत आला आणि तुझं प्रॅक्टिकल गेलं जेवणानंतर.

मी ठरवलं, उत्तरं नाहीत ना, मग मुलांनाच काढू दे. प्रत्येक बाटली सगळ्यांनी तपासायची, जे जास्त जणांचं येईल ते उत्तर. मग तेच वहीत लिहून पाठ करायचं. म्हणजे शेवटी माझंच खरं! पहिल्या दिवशी पोरं उत्साहात होती. तार ॲसिडमध्ये बुडवायची, पुडीला लावायची, बर्नरच्या ज्योतीत धरायची आणि रंग बघायचा. कॅल्शियमला विटकरी, बेरियमला हिरवट, स्ट्रॉन्शियमला लालभडक. एवढं मला पुस्तकातून कळलं होतं. पहिल्या बाटलीला ज्योत पिवळीधमक. पिवळं म्हणजे सोडियम. ठीक. दुसऱ्या बाटलीला पिवळी. तिसरीला पिवळी. पुढच्या दिवशी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बघितलं तर ज्या त्या टेस्ट ट्यूबमध्ये दह्यासारखा पांढरा साका. म्हणजे क्लोराईड. सोडियम आणि क्लोराईड. सुमन, तुझ्या सगळ्या बाटल्यांत मीठ निघालं! ज्या मोरचुदाच्या निळ्या पुडीत तांबं आहे हे आंधळ्यालाही कळेल, तिच्यातही एका पोराला क्लोराईड सापडलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. मला खरंच वाटलं, तू जाता जाता काहीतरी करून ठेवलंस. सगळ्यांत किराणा दुकानातलं मीठ भरलंस आणि वर बसून मजा बघतेस. एवढा राग मला तुझा कधी आला नव्हता. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते कोणी शिकवत नाही. तो म्हणाला, तू शिकशील.

मग वनिता आली. साखरशेतची ती उंच मुलगी, वसतिगृहात राहते, तुझ्या पहिल्या बाकावरची. इतके दिवस गप्प बसली होती. टेबलाशी येऊन उभी राहिली आणि बोटं चोळत म्हणाली, "मॅडम, बाई आमाला जेवायच्या आधी करायला लावायच्या."

मी म्हटलं, हो, माझा तास घेऊन.

"तसं नाय मॅडम. आता आमी जेवून आलोय. आमच्या हाताला मीठ हाय."

वसतिगृहातून येणारा डबा मला माहीत होता. भाकरी, आणि सोबत मिरची-मिठाचा गोळा, नाहीतर भाजलेली सुकट. पोरं हौदावर हात विसळतात, साबण कुठला, हात विजारीला पुसले की झालं. मग त्याच बोटांनी तार सरळ करतात. टेस्ट ट्यूब हलवायची झाली की बूच शोधतंय कोण, तोंडावर अंगठा दाबायचा आणि खालीवर करायची. मीठ इतकं थोडं लागतं की जिभेला कळणार नाही, पण ज्योतीला कळतं. वनितानं सांगितलं की पहिल्या वर्षी तुझ्या वर्गातही हेच झालं होतं, तेव्हापासून तू तास बदललास. ती तेव्हा शाळेतसुद्धा नसेल, पण गोष्ट चालत आली होती. "बाई बोलायच्या, पिवळा आला की आधी सोताचा हात बघा, मग बाटली."

मला हे का सांगितलं नाहीस तू? वाक्य एवढंसं होतं, माझा तास घेते कारण पोरांच्या हाताला मीठ असतं. मी हसत दिला असता. आता खरं सांगायचं तर हसत दिला नसता, पण दिला असता. तुला समजावून सांगायचा कंटाळा. तू गणित सुटलंय असं धरून चालायचीस आणि समोरच्यानं पायऱ्या आपल्या आपण भराव्यात. मुलांना तू हजारदा सांगायचीस, आम्हाला एकदाही नाही.

तर मी माझा तिसरा-चौथा तास पुन्हा तुझ्या प्रॅक्टिकलला दिला. दुसऱ्यांदा हरले. फिजिक्स पुन्हा पेंगायला गेलं.

आणि मग, तुला आवडेल ऐकायला म्हणून सांगते, सगळं उलगडत गेलं. हात साबणानं धुतलेले, तार ॲसिडमध्ये बुडवून इतकी जाळलेली की ज्योत स्वच्छ राहील. मग एका बाटलीला तो लाल रंग आला की पोरं ओरडलीच. एकीचं द्रावण कॉस्टिक सोड्याबरोबर तापवलं तर भस्सकन वास आला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "गोठा! अमोनिया!" तुझा शब्द. पुस्तकात गोठा नाही. आणि एकीला तो आंबूस वास आला, ॲसिटेटचा. मी म्हटलं, लिहा, व्हिनेगरसारखा वास. पोरं थांबली. त्यांच्यातल्या एकानं तरी व्हिनेगर बघितलंय का? तुझ्या वर्गातल्या एका पोरानं परीक्षेत 'शिळ्या आंबिलीसारखा वास' लिहिलं होतं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर लाल गोल काढला होता. आपण दोघी त्यावरून दोन दिवस बोललो नव्हतो. मी म्हणत होते, पुस्तकातलं लिहायला शिकव, मार्क जातात. तू म्हणत होतीस, त्याच्या नाकाला जे कळलं ते त्यानं लिहिलं, याहून खरं काय असतं? ते भांडणही राहिलंच. यंदा मी त्यांना दोन्ही लिहायला सांगितलं, आधी व्हिनेगर, मग कंसात आंबील. तुला हे अजिबात पटणार नाही. कंसात कशाला, म्हणशील.

राहिली ती सात नंबरची. तिनं आमचा जीव काढला. एकही साका पडेना. वायू नाही, वास नाही. वनितानं ताजं फेरस सल्फेट घेऊन, ॲसिड ट्यूबच्या कडेकडेनं, श्वास रोखून सोडलं, तेव्हा दोन थरांच्या मध्ये ते तपकिरी कडं उमटलं. म्हणजे नायट्रेट. अर्धं नाव मिळालं. उरलेलं अर्धं काही केल्या मिळेना. ज्योत किंचित पिवळसर, हात धुऊनसुद्धा. मी म्हटलं, जाऊ दे ही बाटली, परीक्षेला ठेवायलाच नको. पोरं ऐकेनात. वनिता म्हणाली, "निळी काच बघू ना."

तुझ्या खणात रुमालात गुंडाळलेली होती ती. सुमन, तीच काच. तू मला किती वर्षं बोलवायचीस! "मेधा, ये ना, पोटॅशियम बघ, काचेतून फिकट जांभळा दिसतो." मी यायचे, काच डोळ्याला लावायचे आणि मुद्दाम म्हणायचे, काही दिसत नाही. निळ्या काचेतून सगळं निळंच दिसणार, त्यात तुमच्या केमिस्ट्रीचं काय कर्तृत्व? मला पक्कं माहीत होतं की काच पिवळा प्रकाश गिळते आणि जांभळा सोडते, मी फिजिक्स शिकवते. पण तू इतकी चिडायचीस की मजा यायची. "दिसतोय तुला! खोटारडी!" पोरांसमोर म्हणायचीस.

वनितानं तार ज्योतीत धरली. मी काच डोळ्याला लावली. पिवळं सगळं गेलं. आणि तो होता, ज्योतीच्या कडेला, फिकट, जांभळा, हलणारा, क्षणभरच. पोटॅशियम. अभ्यासक्रमात असो-नसो, तू दरवर्षी एक बाटली त्याची ठेवायचीस. ज्यानं तुझं हृदय थांबवलं ते हेच. इतकं सुंदर दिसतं ते. मी म्हटलं, "दिसलं."

मोठ्यानं म्हटलं. मग मला रडू आलं, आणि ते आवरलं नाही. स्मशानात आलं नव्हतं, तुझ्या आईसमोर आलं नव्हतं.  एकानं गॅस बंद केला. वनितानं माझ्या हातातून काच काढून घेतली, फुटेल म्हणून.

तर झालं असं की सगळ्या बाटल्यांची नावं मिळाली, आणि ती सगळ्या वर्गाला ठाऊक झाली. कारण सगळ्या वर्गानंच काढली होती. मी मनात हिशेब लावला. तुला हवं होतं तसं त्यांनी स्वतः शोधलं. मला हवं होतं तसं त्यांना परीक्षेआधी नावं कळली. आपल्या भांडणाचा हा निकाल इतका बेमालूम लागला होता की मला वाटलं, सुटले. आकडे आहेत तसेच ठेवायचे, पोरं परीक्षेला येतील, एकला स्ट्रॉन्शियम, चारला अमोनियम, धडाधड लिहितील, पूर्ण मार्क. कोणाच्या बापाचं काय गेलं? तूसुद्धा हरकत घेऊ शकली नसतीस. त्यांनी मेहनत केली होती.

मी कपाटाला कुलूप घालत होते तेव्हा वनिता पुन्हा आली. मागे आणखी दोघी होत्या, ढकलाढकली करत. "मॅडम, आता नंबर बदला ना."

मी म्हटलं, का गं?

"आता सगळ्या पाठ झाल्यात. परीक्षेत काय बघायचं मग?"

मी तिला समजावलं. मार्क, कॉलेजचे प्रवेश, बाहेरचे परीक्षक, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "हो मॅडम. पण बदला."

बिघडवून ठेवलंयस तू त्यांना, सुमन. साफ बिघडवलंयस. तिला नर्सिंगला जायचंय, एकेक मार्क तिला लागणार आहे, चुकली तर मी स्वतःला आणि तुला, दोघींना माफ करणार नाही. दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर प्रयोगशाळेत बसले, कापसावर ॲसिटोन घेतलं आणि तुझे आकडे पुसायला सुरुवात केली. तुझ्या हाताचं अक्षर ओळखू येतं गं त्यातही, तुझा तो पोट सुटलेला ४, तुझा घाईघाईतला ९. लाल रंग कापसाला येत होता. सातवर आले तेव्हा ही तरी राहू दे असं वाटलं. पण राहिली असती तर पोरांना कळलंच असतं. पुसली.

मग पर्समधून तुझ्या आईनं दिलेली बाटली काढली आणि नवे आकडे घातले. माझा हात तुझ्यासारखा नाही, थोडे फासल्यासारखे झालेत. बोटालाही लागलं. घरी गेल्यावर लेक म्हणाली, आई, तू नेलपॉलिश लावलंस?

परवा परीक्षा आहे. आता कुठल्या बाटलीत काय आहे ते मी कुठेही लिहिलेलं नाही. सगळं माझ्या डोक्यात आहे, कोणाला माहीत नाही. पोरांना नाही, प्राचार्यांना नाही, आणि या वेळी पहिल्यांदाच, सुमन, तुलाही नाही. तुझं पोटॅशियम मी कितव्या बाटलीत ठेवलंय, ओळख बघू.

नाही येत ना? मग विचार. मी तुझ्यासारखी नाही. तू फक्त एकदा विचार, मी लगेच सांगते.